घरचा मीटर व विजेचा दर



राजापुरात दोन गोष्टींविषयी माणसे नेहमी अंदाजाने बोलत असतात. गंगा कधी येणार ही एक, आणि विजेचे बिल किती येणार ही दुसरी. गंगेचे येणे-जाणे तिचे तिला ठाऊक. ती उन्हाळ्याला केव्हा प्रकट होईल व किती दिवस मुक्काम करील, याचे पंचांग आजवर कोणाला मांडता आलेले नाही. बिलाचे मात्र तसे नाही. बिल हा हिशेब आहे, त्याची रीत छापून प्रसिद्ध केलेली असते, आणि पाचवी-सहावीपर्यंत गणित शिकलेल्या माणसाला ती समजण्यासारखी आहे. असे असूनही बिल जास्त आले की आपण एकच वाक्य म्हणतो, ‘मीटर पळतो’. आणि पैसे भरून मोकळे होतो.

आम्ही वीजतज्ज्ञ नव्हेत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर बरेच झाले. नवा कामगार चिठ्ठी हातात पडताच सर्वांत खालचा आकडा पाहतो. हातात किती पडले, एवढेच त्याला हवे असते. मूळ वेतन किती, भत्ता कशावर मोजला, कोणती कपात कोणत्या नियमाने झाली, हे वरचे रकाने वाचावयास शिकवणे हे संघटनेचे पहिले काम. विजेच्या बिलाच्या बाबतीत आपण सर्वच नवे कामगार आहो. खालचा आकडा पाहतो. वरचे रकाने पाहत नाही. आज त्या वरच्या रकान्यांविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॅटचा जुना दिवा दहा तास जळला तरी तेच एक युनिट. आता घरातला हिशेब करा. जुना पंखा सुमारे पंचाहत्तर वॅटचा असतो. तो रोज आठ तास फिरला तर महिन्याला अठरा युनिटे. हल्ली तीस वॅटच्या आसपासचे पंखे मिळतात; तेवढ्याच वेळात ते सातच्या घरात राहतात. घरात असे तीन पंखे असले तर फरक बत्तीस युनिटांचा पडतो. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला तीस युनिटे. न्हाणीतल्या बंबाला तेवढ्यासाठी चार लाकडे पुरत होती. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप नावाला ७४६ वॅटचा, पण मोटर काही शक्ती उष्णतेत दवडते, म्हणून तो हजार वॅट धरावा. तो तासभर चालला की एक युनिट झाले. उलट नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही.

आपल्याकडे दिवा जळत राहिला म्हणून मुलांना ओरडा बसतो, आणि माळ्यावरची टाकी भरून पागोळ्या लागल्या तरी पंप बंद करावयास कोणी उठत नाही. काटकसर कोठे करावी हे वॅटचा आकडा सांगतो. तो उपकरणाच्या पाठीवर छापलेला असतो. फ्रिजच्या लेबलावर तर वर्षाची युनिटेच दिलेली असतात. त्यांना बाराने भागले की झाले.

आता मीटरकडे वळू. वीज विकावयास सुरुवात झाली तेव्हा ती मोजावी कशी हा मोठाच प्रश्न होता. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीज पुरवण्यास आरंभ केला. त्याचा मीटर म्हणजे रसायनाने भरलेली बरणी आणि तिच्यात जस्ताच्या पट्ट्या. जेवढी वीज वाहील तेवढे जस्त एका पट्टीवरून निघून दुसरीवर बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन करी आणि त्यावरून बिल करी. ग्राहकाला आपला वापर समजण्याचा मार्गच नव्हता. माप विक्रेत्याच्या हाती, वाचणाराही तोच. पुढे १८८९ साली बुडापेस्टच्या ब्लाथी नावाच्या अभियंत्याने फिरत्या तबकडीचा मीटर काढला, आणि आकडे उंबरठ्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. ही तबकडी आपल्या घरांतूनही अनेक वर्षे फिरली. तिची जागा आता इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली आहे. त्यात फिरताना दिसेल असे काही नाही, म्हणून लोकांचा त्याच्यावरचा विश्वास थोडा उडाला. पण तबकडीऐवजी त्याला एक तांबडा दिवा असतो आणि तो लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते.

ते ३२०० आहे असे समजा. घरातली सर्व उपकरणे बंद करा, फ्रिजची व टीव्हीची पिनसुद्धा काढा, आणि एकच शंभर वॅटचा जुना दिवा लावा. त्याला तासाला युनिटाचा दहावा भाग लागतो, म्हणजे तांबडा दिवा तासात ३२० वेळा, तीन मिनिटांत सोळा वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ घेऊन मोजा. पंधरा किंवा सतरा आले तर घाबरू नका. दिव्याचे वॅट व घरातला विजेचा दाब थोडे मागेपुढे असतात. तीस आले तर मात्र तपासणीचा अर्ज करण्यास कारण आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांप्रमाणे घरगुती मीटर १.० वर्गाचा वा त्याहून अचूक असावा लागतो. त्या वर्गाचा मीटर प्रयोगशाळेत शंभरामागे सुमारे एकाहून अधिक चुकू नये अशी अपेक्षा असते. तेव्हा बिल दुप्पट आले की मीटरवर संशय घेण्यापूर्वी बाकीची कारणे शोधावीत. ती बहुधा सापडतात.

त्यांपैकी एक कारण आपल्या कोकणचे खास आहे. सर्व बटणे बंद असून मेन स्विच चालू असताना तांबडा दिवा लुकलुकत राहिला, किंवा मीटरवर ‘अर्थ’ असे लिहिलेला दुसरा दिवा पेटला, तर वीज कोठेतरी गळत आहे असे समजावे. चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात, जुन्या वायरीचे वेष्टण चिरलेले असते, आणि वीज ओल्या भिंतीतून जमिनीत उतरते. तिचे पैसे तर पडतातच, पण पैशांपेक्षा जिवाचे भय मोठे. वायरमनला बोलवावे आणि गळती ओळखून आपोआप बंद होणारा स्विच, ज्याला आरसीसीबी म्हणतात, तो तीस मिलिअँपिअरचा बसवून घ्यावा. जवाहर चौकात अर्जुना व कोदवलीचे पाणी भरल्यावर ज्यांची दुकाने बुडतात त्यांना हे सांगावयास नको, पण सांगतो: पाणी ओसरले म्हणून मेन स्विच चढवू नये, आधी वायरमन दाखवावा. मीटरचे सील मात्र कोणीही तोडू नये, स्वतः नाही आणि ओळखीच्या वायरमनकडूनही नाही.

आता बिलाचा कागद समोर घ्या. त्यावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव व युनिट असे रकाने आहेत. चालूतून मागील वजा केले की युनिटे येतात. घरगुती मीटरचा गुणक अवयव सामान्यतः एक असतो. दुसरा आकडा दिसला तर विचारावे. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असा शब्द छापलेला असेल तर तेथे थांबा. त्याचा अर्थ, त्या महिन्यात मीटर वाचलाच गेलेला नाही आणि बिल सरासरीने केलेले आहे.

सरासरीचे बिल ही आमच्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. कारण विजेचा दर सरळ नाही, तो टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर युनिटांपर्यंत, एकशे एक ते तीनशे, तीनशे एक ते पाचशे आणि पाचशेच्या वर असे आहेत. २०२४-२५ या वर्षी पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटाला ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्याचा १० रुपये २९ पैसे आणि तिसऱ्याचा १४ रुपये ५५ पैसे होता. हे आकडे वर्षावर्षाला बदलतात. येथे ते केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, रीत तीच राहते. शंभर ओलांडले की सगळीच युनिटे महाग होतात असा एक समज आहे, तो खरा नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. ९० युनिटांचा वीज आकार ४२३ रुपये ९० पैसे, ११० युनिटांचा ५७३ रुपये ९० पैसे. वीस युनिटे वाढली आणि बरोबर दीडशे रुपये वाढले.

आता एका घरात महिन्याला १२० युनिटे लागतात असे धरा. दर महिन्याचा वीज आकार ६७६ रुपये ८० पैसे, तीन महिन्यांचा २,०३० रुपये ४० पैसे. पण तीन महिने मीटर वाचलाच नाही, आणि चौथ्या वेळी ३६० युनिटे एकाच महिन्याची म्हणून धरली, तर तोच आकार ३,४०२ रुपये होतो. वीज तेवढीच, मीटर बरोबर, बेरीजही बरोबर. आणि तरी घरधन्याला १,३७१ रुपये ६० पैशांचा भुर्दंड. म्हणून एकदम घेतलेले रीडिंग जितक्या महिन्यांचे असेल तितक्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला पहिल्या टप्प्याचा लाभ दिला पाहिजे, आणि तो तसा मिळाला की नाही हे बिलावर तपासले पाहिजे.

२०२० साली हीच गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला एकदम कळली. मार्चअखेर टाळेबंदी आली, मीटर वाचणारी माणसे फिरेनाशी झाली आणि आधीच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या वापरावर सरासरी बिले निघाली. प्रत्यक्षात एप्रिल-मेच्या उकाड्यात सारे कुटुंब रात्रंदिवस घरात. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये खरे रीडिंग होऊन एकत्रित बिल हाती पडले तेव्हा गावोगाव आरडाओरड झाली. मीटर पळतो ही हाकाटी त्या वेळी सर्वांत मोठी होती, पण प्रश्न मीटरचा नव्हता. युनिटे कोणत्या महिन्यात घातली व त्यांना कोणता दर लावला, एवढाच तो होता. ज्यांनी मीटरचे आकडे तारखेनिशी लिहून ठेवले होते त्यांना तो अर्ध्या तासात सोडवता आला.

आपल्या तालुक्यात टाळेबंदी नसतानाही हे घडते, कारण अर्धी घरे कुलपात असतात. चाकरमानी मुंबईला, म्हातारी असली तर शेजारी, नाहीतर घरात कोणीच नाही. मीटर पडवीत किंवा आतल्या सोप्यात असला तर वाचणारा कुलूप पाहून परत जातो. मग गणपतीत वीस माणसे येतात, आठ-दहा दिवस पंप, मिक्सर, रोषणाई, रात्रभर भजन. शिमग्याला पुन्हा तेच. सणाच्या महिन्यात २१० युनिटे झाली तर वीज आकार १,६०२ रुपये ९० पैसे होतो, आणि तो रास्तच आहे. पण आधीच्या बंद महिन्यांत सरासरीने किती युनिटे लावली होती व ती आता वजा झाली का, हे चाकरमान्याने पाहिले पाहिजे. तो दोन दिवसांत परत जायचा असतो, म्हणून पाहत नाही. यावर उपाय साधा आहे. मीटर बाहेरून वाचता येईल अशा जागी लावून घ्यावा. ते होईपर्यंत शेजाऱ्याने महिन्याच्या ठराविक तारखेला मीटरचे छायाचित्र काढून मुंबईला पाठवावे. महावितरणच्या अॅपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवण्याचीही सोय आहे. मीटर बंद पडला असेल तर अशा काळाचे सरासरी बिल जास्तीत जास्त तीन महिन्यांचे, आणि तेही आधीच्या बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावर करावयाचे, असा वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेचा नियम आहे.

बंद घराचे बिल शून्य का येत नाही, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ जण विचारतात. त्याचे कारण स्थिर आकार. तारा, खांब, रोहित्र ही आपल्यासाठी उभी आहेत, आपण वीज वापरो न वापरो. त्याबद्दलचा हा आकार. या तत्त्वाचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्याने पाहिला आहे. गुहागर तालुक्यात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प झाला. त्याचा वीजखरेदी करार राज्य विद्युत मंडळाने १९९३ साली केला आणि ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला. त्या करारात वीज घेतली नाही तरी केंद्राच्या क्षमतेचे पैसे मंडळाने द्यावयाचे होते. ते झेपेनात. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणे थांबवले. करारातला ‘स्थिर’ हा शब्द किती जड असतो ते त्या वेळी कळले. आपल्या घरचा स्थिर आकार त्या मानाने किरकोळ, पण जात एकच. एका फेजपेक्षा तीन फेजांच्या जोडणीला तो बराच जास्त असतो. म्हणून साध्या घराने भविष्यात कधी लागेल म्हणून तीन फेज मागून ठेवू नयेत. घर वर्षानुवर्षे उघडावयाचेच नसेल तर जोडणी कायमची बंद करून सुरक्षा ठेव परत मागावी.

जाता जाता एक गोष्ट मनात येते. कोयनेचे वीजगृह पोफळीला, म्हणजे आपल्याच चिपळूण तालुक्यात. दाभोळ आपले, जयगडचे केंद्र आपले, आणि माडबनला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प आखलेला आहे तो तर राजापूर तालुक्यातच. या जिल्ह्याने विजेवर मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. त्या मोर्चात पुढे चालणाऱ्या माणसालाही आपल्या बिलावरचा ‘दर संकेत’ हा रकाना दाखवता येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

तो रकाना आता पाहू, कारण दर निवडणे जे म्हणतात ते त्यातच आहे. आपल्याकडे दुकानातून साबण निवडावा तसा दर निवडता येत नाही. गावात वीज देणारी कंपनी एक आणि तिचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो. निवडीला जागा आहे ती वर्गाची. घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, शेतीपंप असे वर्ग आहेत आणि आपण कोणत्या वर्गात बसतो हे आपल्या वापरावर ठरते. ते योग्य लागले आहे की नाही हे पाहणे व चुकले असेल तर बदलून मागणे हा आपला हक्क आहे. ज्याचा मंजूर भार अगदी थोडा आहे आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत आहे, त्या घराला दारिद्र्यरेषेखालील वर्गाचा सर्वांत स्वस्त दर आहे. एकट्या म्हातारीच्या दोन दिव्यांच्या घराचे बिल त्या वर्गात यावयास हवे. भातगिरणी, पिठाची वा मसाल्याची गिरणी ही औद्योगिक वर्गात बसते. ती वाणिज्यिक लागली असेल तर अर्ज करावा.

पण खरी गाठ आहे ती घरातल्या धंद्याची. आपल्या गावात पडवीत शिलाई यंत्र चालते, माजघरात पापड लाटले जातात, ओटीवर किराणा मांडलेला असतो, मे महिन्यात खळ्यात आंब्याच्या पेट्या भरल्या जातात. ही मंडळी एका भीतीखाली असतात: तपासणीचे पथक आले, घरगुती मीटरवर धंदा पाहिला, तर काय? काही जण या भीतीने स्वतःच वाणिज्यिक जोडणी घेऊन बसतात. वाणिज्यिक वर्गाला पहिल्या शंभर युनिटांची स्वस्ताई नाही, स्थिर आकार मोठा आहे आणि घरगुतीला जेथे सोळा टक्के वीज शुल्क आहे तेथे त्याला एकवीस टक्के. थोड्या वापराच्या घराला हा फरक जड जातो.

नियामक आयोगाच्या दर आदेशातील नियम असा आहे. जो ग्राहक आपल्या राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय, धंदा किंवा उद्योग करतो, ज्याचा वापर महिन्याला तीनशे युनिटांपर्यंत आहे आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत होता, त्याला घरगुती दरच लावावयाचा. हे वर्षअखेर तपासतात. ३,६०० ओलांडले असेल तर पुढे दुसरा दर लावता येतो, तोही आधी कळवून. वकील, डॉक्टर अशा व्यावसायिकांनी राहत्या घरात केलेल्या कामालाही घरगुती दर आहे. इस्पितळ किंवा प्रसूतिगृह असेल तर नाही. या नियमातला महत्त्वाचा शब्द ‘राहते घर’ हा आहे. घराला लागून पण स्वतंत्र गाळा काढला, त्याला वेगळे शटर बसवले, तेथे कोणी राहत नाही, तर हा नियम आपल्या उपयोगाचा नाही आणि तो ओढून ताणून लावूही नये.

शिलाईचे काम करणाऱ्या एखाद्या भगिनीचा हिशेब करू. यंत्राची मोटर शंभर वॅटची, रोज सहा तास, महिन्याला सव्वीस दिवस, साडेपंधरा युनिटे. इस्त्री हजार वॅटची, पण ती तापून मधून मधून बंद होते, म्हणून प्रत्यक्ष अर्धा तास धरा, तेरा युनिटे. दिवा, पंखा मिळून आणखी दहा. धंद्याची सारी वीज चाळीस युनिटांच्या आत. घरची सत्तर-ऐंशी धरली तरी ती तीनशेच्या जवळपासही जात नाही. तिने आपल्या बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज एका कागदावर करून तो कागद मीटरजवळ ठेवावा. पथक आलेच तर घाबरून कोणत्याही कागदावर सही करण्याऐवजी ती बेरीज दाखवावी.

कारण सही केल्यानंतरची वाट खडतर आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली, वीज मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणास वापरली असे ठरले, तर त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट आकारणी होते. आणि असा वापर केव्हापासून आहे हे समजले नाही तर मागील बारा महिने धरतात. मात्र प्रथम जो कागद येतो तो तात्पुरत्या आकारणीचा असतो. त्यावर हरकत घेता येते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि अंतिम आदेश तीस दिवसांत व्हावयाचा असतो. हरकत लेखी द्यावी. नुसते साहेबांना भेटून आलो, हे कायद्याच्या दृष्टीने काही नव्हे. हेच कारखान्यातही आहे: आरोपपत्राला उत्तर न देणारा कामगार अर्धा हरलेला असतो.

उलट दिशेचा एक मोह असतो, त्याविषयीही बोलले पाहिजे. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांनी दोन मीटर घेऊन दोनदा पहिले शंभर युनिट स्वस्त मिळवावयाचे, ही युक्ती टिकत नाही. दोन्ही जोडण्या एकत्र धरून बिल होऊ शकते. भावाभावांची खरी वाटणी झाली असेल, चूल निराळी, येण्याजाण्याची वाट निराळी, तर आपापल्या कागदपत्रांवर आपापली जोडणी घ्यावी, त्यात गैर काही नाही.

नव्या स्मार्ट मीटरांविषयी थोडक्यात. आधी पैसे भरून वीज घेण्याचे प्रीपेड मीटर घरोघर लागणार अशी चर्चा होती. विरोध झाला आणि सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केले. त्यानंतर जे लागत आहेत ते वापरानंतर बिल देणारे, पण वेळेनुसार मोजणारे. असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटामागे सवलत २०२५ च्या जुलैपासून जाहीर झाली. ज्याच्याकडे असा मीटर बसला आहे त्याने पंप, गिरणी, इस्त्री या वेळेत उरकावी. मीटर बदलताना जुन्या मीटरचे शेवटचे आणि नव्याचे पहिले रीडिंग आपल्यासमोर लिहून घ्यावे व दोन्हींची छायाचित्रे काढावीत. बदलानंतरच्या पहिल्या बिलात गोंधळ होतो तो याच दोन आकड्यांत.

शेवटी, बिल चुकले असे वाटले तर काय करावे. भरणे थांबवणे हा मार्ग नव्हे. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. परंतु वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ असे लिहून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. जुनी थकबाकी एकदम पुढे आली आणि ती देय होऊन दोन वर्षे उलटलेली असली, व मधल्या बिलांत ती सतत दाखवलेली नसली, तर तिच्यासाठी वीज तोडण्याचे हत्यार वापरता येत नाही. मात्र हे दोन वर्षे बिल काढल्यापासून मोजतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे, आणि दिवाणी दाव्याने वसुलीचा मार्ग बंद होत नाही. तेव्हा या कलमावर फार भरवसा ठेवून झोपू नये.

तक्रार प्रथम तालुक्याच्या कार्यालयात लेखी द्यावी. तेथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे असून आपल्या जिल्ह्यासाठी मुंबईचे. मंचापुढे स्वतः बोलता येते. आम्ही वकिलाशिवाय गेलेली माणसे पाहिली आहेत आणि ती नीट बोलली. अर्जात रागाची वाक्ये नकोत. ग्राहक क्रमांक, कोणत्या महिन्याचे बिल, मीटरवरचा आकडा व तारीख, आपल्या मते युनिटे किती आणि त्यांचा वीज आकार किती, एवढे लिहावे. सोबत छायाचित्रे व मागील बारा बिलांच्या प्रती जोडाव्यात, आणि अर्जाची एक प्रत पोचेचा शिक्का व आवक क्रमांक घेऊन घरी ठेवावी.